फोल्डर आवरून अपडेट केलं आणि मीलीतल्या (स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं रेसिपी ॲप) सगळ्या रेसिपी गायब. परत कशा आणू?

घाबरू नका, आणि काहीही झालं तरी 'प्रून' (वापरात नसलेलं सगळं पुसून टाकणारी) कमांड चालवू नका. ॲप एरर न देता कोरं करकरीत उघडतंय ना? मग रेसिपी बहुतेक उडालेल्या नाहीत, कंटेनर (ॲप ज्या बंदिस्त डब्यात चालतं तो) चुकीच्या व्हॉल्यूमकडे (डेटा साठवायची जागा) बघतोय.

आवरताना फोल्डरचं नाव बदललंत का? डॉकर कंपोज (कंटेनर सुरू करणारं साधन) प्रोजेक्टचं नाव फोल्डरवरून घेतं आणि तेच व्हॉल्यूमच्या नावापुढे चिकटवतं. फोल्डर 'रेसिपी' असताना व्हॉल्यूम होता 'रेसिपी_डेटा'. फोल्डरला 'किचन' केलंत की 'किचन_डेटा' नावाचा नवा, रिकामा व्हॉल्यूम गुपचूप तयार. (मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.) व्हॉल्यूमची यादी काढा, जुना तिथेच पडलेला दिसेल. कंटेनर थांबवा, फोल्डरला जुनं नाव द्या, पुन्हा सुरू करा. नवंच नाव हवं असेल तर कंपोज फाइलमध्ये सगळ्यात वर 'नेम' म्हणून जुनं प्रोजेक्ट-नाव लिहून टाका, म्हणजे पुढे फोल्डर कुठेही हलवा.

जुना व्हॉल्यूम यादीत नसेलच, तर मात्र बॅकअपची झिप शोधायला लागा.