चेंगदूच्या बागेत कॅमेरा काढावा का?

प्रश्न: लेक चीनमध्ये चेंगदूला शिकते, डिसेंबरात तिच्याकडं चाललोय. इथं निपाणीच्या बाजारात मी बिनधास्त फोटो काढतो. तिथल्या रस्त्यावरच्या माणसांचे काढले तर चालतील का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: चालतील की ओ! फक्त पहाटेचा गजर लावू नका. अख्ख्या चीनला घड्याळ एकच, बीजिंगचं. त्यामुळं पश्चिमेकडच्या चेंगदूत डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो. उगवला तरी दिसेलच असं नाही, हिवाळ्यात आभाळ बहुधा भरलेलंच. खानापुरातल्या पावसाळ्यासारखा मऊ उजेड, चेहऱ्यांना झकास.

सरळ पीपल्स पार्कातल्या हमिंग चहाघरात जा. बांबूची खुर्ची धरा, झाकणाच्या पेल्यातला चहा मागवा आणि तासभर कॅमेरा मांडीवरच असू द्या. कान साफ करणारे कारागीर हातातला लांब चिमटा टण्णकन वाजवत फिरतात. कपाळाला दिवा, बोटांत पिसाची बारीक काडी. फोकस त्या बोटांवर ठेवा. गिऱ्हाइकाचा मिटलेला डोळा आपोआप येतोच. मात्र आधी मान हलवून विचारा. २०२१पासून लागू झालेल्या तिथल्या नागरी संहितेनं माणसाचा स्वतःच्या छबीवरचा हक्क मानलाय, म्हणून चेहरा न विचारता इंटरनेटवर टाकू नका.

त्याच बागेत आईबाप मुलामुलींच्या स्थळांची माहिती लिहून टांगतात. (आपल्याकडच्या वधू-वर मेळाव्यावाल्यांनी बघावं एकदा!) ते कागद जवळून टिपू नका, खासगी माहिती असते. गणवेशातले पोलीस नि लष्करी जागा तर नकोच.