तिसऱ्यांदा नीट? आधी ती प्लेट बघा

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदाराचं पत्र आलंय. मुलगी नाशिकला एफवाय बीएस्सीला, मायक्रोबायोलॉजी घेऊन. नीट दोनदा दिली, सरकारी कॉलेज हुकलं. आता हे वर्ष सोडून तिसऱ्यांदा बसवू का, असं विचारतायत.

भाऊसाहेब, तीन पानं लिहिलीत. क्लासची फी, बहिणीच्या मुलाचं एमबीबीएस, गावात विचारणारी माणसं, सगळं आलं. पोरीला काय हवंय ते कुठेच नाही. शेवटी तेवढी एक ओळ, ‘ती दह्याच्या जंतूंचं काहीतरी करत बसते’, आणि सोबत पेट्री प्लेटचा, म्हणजे जंतू वाढवायच्या उथळ बशीचा, फोटो. मला तिच्या मार्कांची चिंता नाही. घरात तिला कुणी काही विचारत नाही, याची आहे.

‘जंतू मारायची औषधं डॉक्टर शोधतात, मग आधी डॉक्टरच व्हावं,’ असं तुम्ही म्हणता. इथे गल्लत होतेय. डॉक्टर औषध लिहून देतो; फोटोत जंतूंच्या ठिपक्याभोवती जे स्वच्छ कडं दिसतंय, ते वाचायला मायक्रोबायोलॉजिस्ट लागतो. त्या कड्यात एका जंतूने दुसऱ्याला वाढू दिलेलं नाही. त्यासाठी जंतू जी प्रथिनं सोडतात त्यांना बॅक्टेरिओसिन म्हणतात, आणि त्यांचा रोख बहुधा जवळच्या जातभाईंवर असतो. बांधावरून भांडण भावकीशीच होतं, तसंच. 1925 साली शास्त्रज्ञ आंद्रे ग्राशिया यांना ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूमध्ये हे प्रथम दिसलं. दुधातल्या लॅक्टोकॉकस जंतूचं नायसिन हे असंच एक बॅक्टेरिओसिन, ते समोरच्या पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं. बनवणारा स्वतः वाचतो, कारण त्याच्याकडे त्यावरचं संरक्षक प्रथिन असतं. प्रोसेस्ड चीजच्या पाकिटावर टिकवण्याच्या घटकांत 234 हा आकडा दिसला तर ते हे नायसिनच. आणि हे तुमच्या कामाचं: गुलाबाच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या जंतूला के-84 नावाचा त्याचाच भाऊबंद रोखतो, पण द्राक्षावर गाठी आणणारा जंतू सहसा त्याला दाद देत नाही. असले प्रश्न तुमच्या बागेतून निघतात, नीटच्या टेस्ट सिरीजमधून नाही.

ती स्वतःहून म्हणत नसेल, तर तिसरी नीट नको. मात्र नुसत्या बीएस्सीवर डेअरीत किंवा फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला, लागेल, पगार बेताचा. एमएस्सी धरूनच चाला. त्यासाठी जॅम, सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षा आहेत.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. दह्यातल्या जंतूंच्या आम्लानेही असं कडं पडतं. ते आम्लाचं नाही, याची खात्री तिने कशी केली, तेवढं तिला लिहायला सांगा.