ख्रिसमस आलाय, पण आतून काहीच वाटत नाहीये

नोव्हेंबर संपत आला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. शब्द वेगळे असतात पण प्रश्न तोच. "ताई, ख्रिसमस जवळ आलाय आणि मला आतून काहीच वाटत नाहीये, प्रार्थनेला बसलं की कामांची यादी सुरू होते, माझा विश्वास कमी झालाय का?" विचारणारे बहुतेक वेळा चर्चच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले असतात, हे मला सुरुवातीला विचित्र वाटायचं, आता नाही वाटत. अशाच एका दादांची गोष्ट सांगते. त्यांना विचारून सांगतेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

दादा चर्चची क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा गट, बसवतात आणि कीबोर्ड वाजवतात, बरीच वर्षं. समोर बसले तेव्हा हातात गाण्यांची फाइल होती, प्रॅक्टिसवरून थेट आले होते, पानापानावर पेन्सिलने खुणा, इथे श्वास, इथे हळू, इथे टेनर (वरच्या पट्टीत गाणारे पुरुष) चुकतात. मी म्हटलं बोला, तर पहिलंच वाक्य असं, "ताई, मी प्रार्थना करतच नाही हो, मी प्रार्थना वाजवतो."

मग सगळं सांगितलं. २४ तारखेच्या रात्री सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या असतात, लोकांचे डोळे भरून येतात, आणि हे मनात मात्रा मोजत असतात. पाळक प्रार्थना करतात तेव्हा मागे हळू सूर धरून ठेवायचा असतो, म्हणून डोळे मिटायची सोयच नाही, सगळं लक्ष पाळक आमेन कधी म्हणतील तिकडे. "इतक्या ख्रिसमसमध्ये मी एकदाही आमेनच्या आधीचं काही ऐकलेलं नाही," असं म्हणाले आणि हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

अशा वेळी मी आधी साध्या गोष्टी विचारते, झोप लागते का, जेवण जातं का, मुलांमध्ये मन रमतं का, कशातच आनंद वाटत नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय का. कारण कधीकधी "मला देव जाणवत नाही" याच्याखाली नैराश्य असतं, आणि तसं असेल तर डॉक्टरांकडे जायला हवं, नुसती जास्त प्रार्थना करा म्हणून घरी पाठवणं बरोबर नाही. दादांचं तसं नव्हतं. झोप छान, भूक छान, घरी हसतखेळत. फक्त देवासमोर बसलं की कोरडं.

आता माझी चूक सांगते. मी त्यांना प्लॅन दिला. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत, १ डिसेंबरपासून रोज एक वाचला की २४ तारखेला पूर्ण होतं, खूप जण करतात आणि चांगलंच आहे ते. सोबत रोज अर्धा तास प्रार्थना, एक वही, वहीत तीन गोष्टी लिहायच्या, असं बरंच काही. पाचव्या दिवशी फोन आला. "ताई, तीन दिवसांचं वाचन झालं, दोन अध्याय मागे राहिलेत, आज रात्री बसून भरून काढतो." हा माणूस प्रार्थनेचा बॅकलॉग भरून काढत होता! आधी नुसतं कोरडं होतं, आता वर अपराधीपणाही, आणि तो मी दिलेला. ज्याचा आख्खा डिसेंबर वेळापत्रकाने भरलाय त्याला मी आणखी एक वेळापत्रक दिलं होतं.

म्हटलं, दादा, सगळं सोडा, वही पण सोडा, लूकचा पहिलाच अध्याय परत काढा आणि फक्त जखऱ्याचं वाचा.

जखऱ्याची गोष्ट आपण घाईघाईत उरकतो, कारण आपल्याला गोठ्याकडे पोचायचं असतं. पण नीट बघा, हा याजक आहे, उपासना हे त्याचं काम. अबीयाच्या वर्गातला. याजकांचे २४ वर्ग होते आणि आपापल्या वर्गाची पाळी आली की मंदिरात सेवेला जायचं. त्यात चिठ्ठी टाकून याचं नाव निघालं, आत जाऊन धूप जाळायचा, बाहेर सगळे लोक प्रार्थना करतायत. म्हणजे बाहेरचे प्रार्थना करतायत आणि हा आत ड्यूटीवर आहे. आणि तिथे देवदूत येऊन सांगतो की तुझी विनंती ऐकली गेली, मुलगा होणार. तर हा काय म्हणतो, कशावरून? मी म्हातारा, बायकोचं वय झालेलं. ज्याच्यासाठी इतकी वर्षं मागितलं ते समोर उभं आहे आणि याजकालाच विश्वास बसत नाहीये. मग त्याची वाचा जाते, मूल जन्मून आठव्या दिवशी नाव ठेवेपर्यंत. म्हणजे नऊ महिन्यांहून जास्तच.

दादा म्हणाले, "म्हणजे शिक्षाच की."

मला ती निव्वळ शिक्षा वाटत नाही, हे माझं मत हं, कुणी वेगळं म्हणेल. इतकी वर्षं तोंडाने उपासना चालवणाऱ्या माणसाला देवाने सुट्टी दिली असं मला वाटतं. आणि एक बारीक गोष्ट आहे, नाव ठेवायच्या वेळी नातेवाईक जखऱ्याला खुणा करून विचारतात. त्यावरून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की त्याला ऐकूही येत नसावं. हे सांगितल्यावर दादा बराच वेळ गप्प होते. वाजवणाऱ्या माणसाला ही गोष्ट वेगळीच लागते. आणि वाचा परत आल्यावर जखऱ्याच्या तोंडून पहिलं काय निघतं तर स्तुती. तेच स्तोत्र आज जगभरातल्या कितीतरी चर्चमध्ये रोज सकाळच्या प्रार्थनेत म्हणतात.

तर मग ठरलं ते एवढंच. रोज दहा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत, आणि संगीत नाही. शेवटची अट त्यांना पटेना. "ताई, हळू आवाजात एखादं भजन लावलं तर मन लागतं," म्हणाले. म्हटलं दादा, तुम्ही लगेच सूर तपासायला लागाल. मान्य केलं बिचाऱ्यांनी.

त्या दहा मिनिटांत काय करायचं तर चार-पाच ओळींचा उतारा दोनदा सावकाश वाचायचा, जिथे मन अडकेल तो शब्द धरायचा, त्याच्याबद्दल देवाशी आपल्या साध्या भाषेत बोलायचं आणि मग नुसतं बसायचं. ही पद्धत माझी नाही, फार जुनी आहे. १२व्या शतकात गीगो नावाच्या मठवासीने वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी देवासमोर शांत राहणं अशा चार पायऱ्या लिहून ठेवल्यात. आमच्या प्रोटेस्टंटांतल्या काहींना हे फार कॅथलिक वाटतं, वाटू दे, बायबल हळू वाचायला कुणाची बंदी आहे. वाचायला काय घ्यायचं याचीही फार चिंता नको, यशयाचा ९वा किंवा ४०वा अध्याय, लूकचे पहिले दोन, आणि मन अगदीच कोरडं असेल तर स्तोत्र १३. सहाच ओव्यांचं आहे आणि सुरुवातच देवाला अजून किती दिवस असं विचारण्याने होते. काही वाटत नाहीये हे देवाला तसंच्या तसं सांगणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे, बायबलमध्येच तसं सांगणारे आहेत.

इथे थोडं आगमनकाळाबद्दल बोलते, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपण डिसेंबर लागला की ख्रिसमस सुरू झाला असं धरतो. खरं तर ख्रिसमसआधीचे चार रविवार हा वाट बघण्याचा काळ आहे, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये कधीही येतो. चर्चमध्ये जांभळा रंग असतो तो त्यासाठीच, जांभळा म्हणजे पश्चात्ताप आणि तयारी. तिसऱ्या रविवारी काही चर्चमध्ये गुलाबी येतो, आनंदाची झुळूक म्हणून. बरेच ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तर १५ नोव्हेंबरपासून ४० दिवस उपास करतात. या काळात पेटवतात ते मेणबत्त्यांचं चक्र मात्र त्यामानाने अलीकडचं, १८३९ मध्ये हॅम्बुर्गला विखर्न नावाच्या लुथरन पाळकाने गरीब मुलांच्या आश्रमात पहिल्यांदा केलं, ख्रिसमस कधी येणार असं मुलं रोज विचारायची म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या आणि मधल्या दिवसांच्या लहान, रोज एक पेटवायची. सांगायचं हे की हा काळ आहेच मुळी "अजून आलेलं नाही" म्हणणाऱ्यांसाठी. १० डिसेंबरला तुम्हाला ख्रिसमसचा आनंद वाटत नसेल तर तुम्ही कॅलेंडरप्रमाणे अगदी बरोबर आहात.

दादांचे पहिले काही दिवस फ्रिजचा आवाज ऐकण्यात गेले. "कुठल्या सुरात आहे तेही शोधलं मी," म्हणाले. हसलो आम्ही दोघं. म्हटलं चालेल, मन भटकलं की ओरडू नका त्याच्यावर, शब्दाकडे परत या, दहा मिनिटांत वीसदा भटकलं तर वीसदा परत या.

सहाव्या की सातव्या दिवशी मात्र दुसरंच वर आलं. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्येच भर प्रॅक्टिसमध्ये त्यांनी एका टेनर गाणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर झापलं होतं, "तुझ्यामुळे सगळं बिघडतंय," असं काहीतरी. तो नंतर क्वायरमध्ये आलाच नाही, आता चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो आणि उपासना संपायच्या आत निघून जातो. "शांत बसलं की हाच समोर येतो ताई, देव येतच नाही."

मला वाटलं, देवच आलाय की. पण बोलले नाही, प्रत्येक गोष्ट समुपदेशकाने बोलून दाखवायची नसते. त्याऐवजी लूकचा तिसरा अध्याय वाचायला दिला. बाप्तिस्मा देणारा योहान, म्हणजे जखऱ्याचा तोच मुलगा, पश्चात्ताप करा म्हणतो, तेव्हा लोक विचारतात, मग आम्ही काय करावं? आणि तो प्रत्येकाला त्याच्या त्याच्या धंद्यातलं उत्तर देतो. दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्या. जकातदारांनो, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांनो, कुणाला धमकावून पैसे उकळू नका. रडा, छाती बडवा असं कुणालाच सांगत नाही. दादांना एवढंच विचारलं, क्वायरमास्टर जाऊन विचारता तर योहान काय म्हणाला असता?

त्यांनी उत्तर दिलं नाही. चार दिवसांनी कळलं की त्या मुलाच्या घरी जाऊन आले. मुलगा फार काही बोलला नाही, बसा म्हणाला, पाणी दिलं. क्वायरमध्ये परत आला नाही, अजूनही नाही आलेला. हे मुद्दाम सांगतेय, कारण माफी मागितली की सगळं गोड होतं अशी अपेक्षा ठेवून लोक जातात आणि मग आणखी दुखावून येतात. तुम्हाला जायचंय ते तुमच्या बाजूचं ओझं ठेवायला. आणि जिथे समोरच्याने तुमचा छळ केलाय, मारहाण केलीय, तिथे ख्रिसमस आहे म्हणून स्वतःहून भेटायला जायचं बंधन तुमच्यावर अजिबात नाही, हे वेगळं प्रकरण आहे, त्यावर आधी कुणाशी तरी बोला.

ज्यांना दहा मिनिटंही मिळत नाहीत, म्हणजे बाळ लहान आहे, घरात आजारी माणूस आहे, त्यांना मी रात्री झोपताना दोनच प्रश्न देते, आज देव कुठे दिसला आणि आज मी कुठे तोंड फिरवलं. १६व्या शतकात इग्नाती लोयोला यांनी दिवसाची अशी उजळणी शिकवली, त्यातलाच हा छोटा तुकडा. झोप लागली मधेच तर लागू दे. आणि २४ तारखेपर्यंत काहीच जमलं नाही तरी ख्रिसमसचा काळ २५ ला संपत नाही, पुढे ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत आहे. मंदिरात बाळ येशूला बघणारे शिमोन आणि हन्ना आठवा, जन्माच्या रात्री गोठ्यात ते दोघंही नव्हते. आयुष्यभर वाट बघितली आणि दिसला तो काही आठवड्यांनी.

दादांचा फोन २७ ला आला. मी विचारलं, कशी झाली रात्र? म्हणाले, "काही विशेष नाही ताई. डोळ्यांत पाणीबिणी नाही आलं, मात्रा नेहमीसारख्याच मोजल्या, टेनर नेहमीच्या जागी चुकले." मग जरा थांबून म्हणाले, "पण पाळक प्रार्थनेला उभे राहिले ना, तेव्हा मी हात काढून घेतले. वाजवलंच नाही. डोळे मिटून बसलो."

"मग?"

"मग काय, एकदम शांत. इतकं शांत की पाळकांनी मधेच एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं, त्यांना वाटलं कीबोर्डची वायर निघाली."