आठ बार होतात, पुढं काय?

(वाचकांचे प्रश्न : घरचा स्टुडिओ)

प्रश्न : दादा, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वरच्या खोलीत लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, कंडेन्सर माईक आणि छोटा मिडी कीबोर्ड असा सेटअप केलाय. पण वर्ष होत आलं, एकही ट्रॅक पुरा नाही. आठ बारचा (आठ आवर्तनांचा) लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, होतो, रात्री झकास वाटतो आणि सकाळी ऐकला की यूट्यूबवरच्या कुठल्याही बीटसारखा. मग नवीन सॅम्पल पॅक (तयार आवाजांचे संच) शोधत बसतो. मित्र म्हणतात फिरून ये, मोकळं वाटेल. रंकाळ्यावर रोज जातोय, भेळ खाऊन परत येतोय. सुचण्यासाठी नक्की काय करू?

उत्तर : भावा, रंकाळ्यावर जाणं बंद करू नको, भेळेसाठी तरी जा, फक्त कानातले इअरफोन घरी ठेवून जा.

तुला सुचत नाही असं मला वाटतच नाही, आठ बार सुचतायत की! अडतंय ते पुढं, आणि अडतंय कारण तुझ्याकडं निवडायला हजारो आवाज आहेत आणि त्यातला एकही तुझा नाही. ड्रमची तीच किक (खालचा धप्प ठोका), तोच स्नेअर (वरचा कडक ठोका) जगभरच्या पोरांच्या हार्ड डिस्कवर पडलाय, मग लूप त्यांच्यासारखा वाटला तर नवल काय? १९४८ मध्ये पॅरिसला पिएर शेफर नावाच्या रेडिओवरच्या इंजिनिअरनं रेल्वेचे आवाज रेकॉर्ड करून त्याचं संगीत केलं, तेव्हा टेपसुद्धा नव्हती त्याच्याकडं, तबकड्यांवर केलं सगळं. तुझ्या खिशात फोन आहे. तेव्हा महिनाभर एकही पॅक उघडायचा नाही, आवाज स्वतः गोळा करायचे, आणि त्याला कोल्हापूरसारखं गाव नाही, हे मी कोल्हापूरचा आहे म्हणून सांगत नाही (बरं, थोडं म्हणून पण सांगतोय).

सुरुवात हलगीपासून कर. तालमीच्या पोरांना विचार, हलगीवाला कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचा निघतोच. फक्त त्याला वाजवायला सुरुवात करायच्या आधी गाठ. हलगीचं कातडं बकऱ्याचं, आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते दमट होऊन सैल पडतं आणि आवाज भद्द येतो, म्हणून ते लोक कागद नाहीतर पाचट पेटवून त्यावर हलगी शेकतात, कातडं ताणलं की तोच आवाज टणटणीत होऊन वर चढतो. सगळे शेकलेली हलगी रेकॉर्ड करायला धावतात. तू आधीची, सैल हलगी रेकॉर्ड कर, मग शेकताना मधे मधे एकेक ठोका घेत जा, म्हणजे एकाच वाद्याचे चार-पाच वेगळे सूर हातात येतील. त्यातला सगळ्यात सैल ठोका अर्ध्या स्पीडला वाजव, तो बरोबर एक सप्तक खाली जातो आणि लांबीला दुप्पट होतो, झाली तुझी किक, आणि ही कुठल्याच पॅकमधे नाही. रेकॉर्ड करताना गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) कमी ठेव, हलगीचा फटका फार टोकदार असतो, मीटर उणे १२ डीबीच्या आसपास राहू दे, २४ बिटला घेतोयस तर आवाज हळू आला म्हणून काही बिघडत नाही. माईक पण दोन-तीन हात लांब. आणि हो, वादकाला नुसत्या चहावर वाटेला लावू नको, पैसे दे आणि ट्रॅकवर नाव टाक.

दुसरा आवाज फुकटचा आहे. उद्यमनगरात कारखान्यांची खडखड थांबली की कुठल्याही डीपीपाशी (विजेच्या ट्रान्सफॉर्मरपाशी) उभा रहा, कुंपणाच्या बाहेरच हां, आणि ती घूं ऐक. आपली वीज ५० हर्ट्झची, पण ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक सायकलला दोनदा ताणतो आणि सैलावतो, म्हणून ती घूं मुख्यतः १०० हर्ट्झला येते. पेटीवर बघितलंस तर खालचा जी ९८ हर्ट्झचा, म्हणजे डीपी जीच्या जराशी चढी लागते, ३५ सेंटच्या आसपास (पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट). सॅम्पल तेवढं खाली ओढ, षड्ज म्हणून लावून ठेव आणि वर गुणगुण. खरा तंबोरा पाहिजे असेल तर मिरज पन्नास किलोमीटरच्या आत आहे, तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन पण मिळालं, पण तंबोरा घेतला की सुचेल या भरवशावर आईकडं पैसे मागू नको.

आता आठ बारच्या पुढचं. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब होते, त्यांचं जयपूर-अत्रौली घराणं म्हणजे अनवट (क्वचित गायले जाणारे) राग आणि दोन राग मिळून होणारे जोडराग. जोडरागात दोन राग एकापुढं एक चिकटवून भागत नाही, एकातून दुसऱ्यात जायची वाट शोधावी लागते. तू हेच तुझ्या लूपांना कर. हार्ड डिस्कवर अर्धवट लूपांचा ढीग असणारच, त्यातले दोन उचल, वेगवेगळ्या मूडमधले, एकमेकांशी जमणार नाहीत असं वाटणारे, एक सुरुवातीला ठेव, एक शेवटाला, आणि तुझं काम फक्त मधली वाट. एकाचा सूर बदलावा लागेल, दुसऱ्याचा स्पीड, कुठंतरी दोन्हीत बसणारी एक ओळ नवीन वाजवावी लागेल, आणि ती ओळच बहुतेक वेळा अख्ख्या ट्रॅकमधली सगळ्यात भारी निघते.

लांबीवर पण रेघ मार. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर मैफलीत राग सविस्तर मांडायच्या, पण ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, तर तेवढ्यात बसवलं त्यांनी. त्यातलंच एक ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलं! टाइमलाइनवर तीन मिनिटांना मार्कर लाव, ट्रॅक ओबडधोबड का असेना शेवटपर्यंत ने, तोवर ईक्यू-कॉम्प्रेसरला (आवाज घासूनपुसून नीट करायच्या साधनांना) हात लावायचा नाही. आणि सॉफ्टवेअर उघडलं की समोर येणारा तो चार-चार मात्रांचा ग्रीड एकदा सातचा करून बघ, रूपक तालासारखा तीन-दोन-दोन. बोटं नेहमीच्या जागी पडायचीच बंद होतात.

आपला गाण्याच्या बैठकींचा देवल क्लब १८८३ पासूनचा आहे, तिथं बैठक असली की मागं जाऊन बस. गाण्याकडं नंतर बघ, आधी तबलजी समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी काय करतो तेवढंच ऐक.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत लावणीच्या जुन्या तबकड्या सापडल्यात. त्यातली एक ओळ घेऊन वर बीट लावला तर चालेल का? डोक्यात ट्रॅक तयार आहे. – एक वाचक ताई, गंगावेश

उत्तर : ताई, घरात करून बघायला कोण अडवतंय, आजच करा. बाहेर टाकायचं असेल तर मात्र दोन हक्क वेगळे धरा. आपल्या १९५७ च्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं, पण शब्द आणि चाल यांचा हक्क लिहिणाऱ्याच्या, चाल बांधणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी लावणी मोकळी झालेली असेलच असं नाही. शाहीर कोण, संगीत कुणाचं हे आधी शोधा. तोवर त्या तबकडीची नुसती खरखर घ्या, सुई टेकल्यापासून आवाज सुरू होईपर्यंतची. त्यावर कुणाचा हक्क सांगायला कोण येईलसं वाटत नाही, आणि बीटखाली ती फार छान बसते.

प्रश्न : खोलीला फोम लावला तर काम करायचा मूड येईल का? खाली रस्ता आहे, रिक्षांनी डोकं उठतं. – शाहूपुरी

उत्तर : फोमनं रिक्षा थांबत नाहीत ओ. फोम खोलीतला घुमणारा आवाज कमी करतो, बाहेरचा अडवायला वजनदार भिंत-दार लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. घुमणं कमी करायला माईकच्या मागं आणि बाजूला दोरीवर दोन जाड वाकळा टाका, गाण्याच्या रेकॉर्डिंगला बऱ्यापैकी भागतं. खिडकीच्या फटीला रबरी पट्टी लावा, गाणं रात्री उशिरा घ्या, आणि फोमचे पैसे चांगल्या हेडफोनला ठेवा.