प्रवासाचं विचारा : अटलांटा ते न्यू ऑर्लिन्स

मुलं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत स्थिरावली, तसे या वाटेबद्दलचे प्रश्न खान्देशातून वाढले. यावेळचे पाचही प्रश्न त्याच वाटेचे आहेत.

प्रश्न : लेक-जावई अटलांट्याला आहेत. आम्ही दोघं साठीच्या पुढची, मार्चअखेर जाणार आहोत. न्यू ऑर्लिन्स बघायचंय. जावई म्हणतात, गाडीनं एका दिवसात होतं. विमान बरं की गाडी? (पाचोरा)

एका दिवसात होतं, पण तसं करू नका. अंतर सुमारे 475 मैल आहे, म्हणजे आपले 765 किलोमीटर. नकाशा सात तास दाखवतो, पण त्यात जेवण, पाय मोकळे करणं आणि अटलांट्यातून निघतानाची कोंडी धरलेली नसते. ते सगळं धरलं की साडेनऊ-दहा तास होतात. आणि मग ज्यासाठी गाडीनं जायचं, ते सगळं काचेबाहेर पळून जातं.

रस्ता सोपा आहे. आय-85 या आंतरराज्य महामार्गानं मॉन्टगोमेरी 160 मैल, तिथून आय-65 नं मोबील 170 मैल, पुढे आय-10 नं न्यू ऑर्लिन्स 145 मैल. या मार्गावर टोलनाका नाही. अलाबामात शिरताना घड्याळ एक तास मागे करावं लागतं. जाताना तो तास मिळतो, परतताना जातो, आणि परतीच्या दिवशीची आखणी नेमकी तिथे चुकते.

विमान दीड तासात पोचवतं. बस स्वस्त असते, पण वेळा गैरसोयीच्या आणि बसथांब्यावर ताटकळणं फार, त्यामुळे तुमच्या वयाला बस सुचवत नाही. आमचा सल्ला असा : जाताना गाडी, दोन मुक्काम. परतताना जावयांची स्वतःची गाडी असेल तर एका मुक्कामानं सरळ परत या. भाड्याची असेल, तर ती न्यू ऑर्लिन्सला सोडून विमानानं या. मात्र गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडली की वेगळा आकार लागतो. तो कधीकधी भाड्याएवढाच निघतो, म्हणून बुकिंग करतानाच एकूण रक्कम पाहा.

पहिला मुक्काम मॉन्टगोमेरीला ठेवा. 1 डिसेंबर 1955 ला कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला, ते हे गाव. त्यानंतरचा बस-बहिष्कार 381 दिवस चालला. मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा ज्या चर्चचे धर्मगुरू होते, ते विटांचं छोटं चर्च आजही डेक्स्टर अॅव्हेन्यूवर उभं आहे. जमावानं ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांचं स्मारक 2018 मध्ये उघडलं. तिथे आठशेहून अधिक गंजक्या रंगाचे पोलादी खांब आहेत, एकेका परगण्याचा एकेक, आणि त्यावर माणसांची नावं कोरलेली. सुरुवातीला खांब डोळ्यांसमोर उभे असतात. चालत जाल तशी पायाखालची जमीन उतरत जाते, आणि शेवटी तेच खांब डोक्यावर लटकताना दिसतात. घाईत बघायची ही जागा नाही, दोन तास द्या. सोमवारी-मंगळवारी स्मारक बंद असतं, तेव्हा निघायचा वार त्यावरून ठरवा आणि वेळा आधी तपासा.

मॉन्टगोमेरी ते मोबील अडीच तास दोन्ही बाजूंना पाइनची झाडं. तिथे थांबण्यासारखं फारसं नाही. मोबीलच्या दक्षिणेला थिओडोरजवळ बेलिंग्रथ बाग आहे, मार्चमध्ये अझेलियाच्या फुलांनी भरलेली असते. तुम्ही मार्चअखेर जाताय, तेव्हा ती चुकवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आय-10 वरून सरळ गेलात तर समुद्र जवळजवळ दिसतच नाही. मिसिसिपी राज्यात शिरल्यावर ओशन स्प्रिंग्जला महामार्ग सोडा आणि यूएस-90 हा किनाऱ्याचा रस्ता धरा. बिलॉक्सीत रस्त्याच्या मधोमध 1848 चं बिडाचं दीपगृह उभं आहे, दोन्ही बाजूंनी गाड्या जातात. तिथून पुढे पास ख्रिश्चनपर्यंत सुमारे 26 मैल पांढरी पुळण आहे. ही वाळू माणसानं आणून टाकलेली. 29 ऑगस्ट 2005 च्या कतरिना वादळात ही किनारपट्टी उद्ध्वस्त झाली होती. रस्त्याकडेला घराच्या नुसत्या पायऱ्या आणि वर मोकळं आकाश असं कुठे दिसलं, तर ते त्या वादळाचं. दुसरा मुक्काम बिलॉक्सी किंवा ओशन स्प्रिंग्जला करा. तिसऱ्या दिवशी बे सेंट लुइसहून पुन्हा आय-10 वर या. राज्याची हद्द ओलांडण्याआधी विज्ञान केंद्राच्या आवारात सॅटर्न-5 या चांद्र-रॉकेटचा पहिला टप्पा आडवा ठेवलाय, नातवंडं बरोबर असतील तर तासभर थांबा. शेवटी पाँचरट्रेन सरोवरावरचा साडेपाच मैलांचा पूल, आणि दुपारच्या जेवणाला तुम्ही शहरात.

शहरात गाडी हॉटेलवर लावून टाका. जुन्या फ्रेंच वस्तीत गल्ल्या अरुंद, पार्किंग महाग, आणि गाडीत पिशवी दिसली तर काच फुटते. सेंट चार्ल्स मार्गावरची ट्राम 1835 पासून धावतेय. तिकीट सव्वा डॉलर. सुटे तयार ठेवा, चालक पैसे परत देत नाही.

प्रश्न : आमची कपाशीची शेती आहे. मुलाकडे ऑक्टोबरात जातोय. या वाटेवर कापूस दिसेल का? (धुळे तालुका)

दिसेल, आणि तुम्हाला ही वाट इतरांपेक्षा जास्त देईल. मध्य अलाबामातून एक पट्टा आडवा जातो, त्याला तिथे ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात. नाव पडलं ते काळ्या मातीवरून. यातली बरीच जमीन आपल्या काळ्या रानासारखीच वागते : पावसात फुगते, चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. फरक इतकाच की आपली माती बेसॉल्टची आणि त्यांची चुनखडीवरची. मॉन्टगोमेरीहून यूएस-80 नं सेल्माला जा, सुमारे 50 मैल. हा पट्टा तुम्हाला चाकाखाली जाणवेल. 1965 चा मतदान-हक्कांचा मोर्चा याच रस्त्यानं उलट दिशेनं, सेल्माहून मॉन्टगोमेरीला आला होता.

ऑक्टोबरात वेचणी चालू असते, पण रानात वेचणाऱ्या बाया दिसणार नाहीत. यंत्र एका दमात सहा-सहा ओळी वेचतं आणि पोटातच गोल गठ्ठा बांधून मागे सोडतं. पिवळ्या किंवा गुलाबी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले माणसाहून उंच गठ्ठे बांधाला ओळीनं पडलेले असतात. वेचणीआधी औषध फवारून पानं गाळतात, म्हणून शेत नुसतं पांढरं दिसतं. रस्त्याकडेनं बघा. परवानगीशिवाय रानात पाऊल टाकू नका, तिथे ते गंभीरपणे घेतात.

मॉन्टगोमेरीच्या अलीकडे टस्कीगी आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी 1881 मध्ये तिथे शाळा उभी केली आणि 1896 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना बोलावलं. कार्व्हर मराठी घरांना नवे नाहीत. सतत कापूस घेऊन जमीन भुकेली झाली, तेव्हा भुईमूग, चवळी, रताळी आलटून पालटून घ्या, असं ते शेतकऱ्यांना सांगत राहिले. शेतकरी शाळेत येत नाही म्हणून 1906 पासून घोडागाडीवर अवजारं आणि बियाणं लादून शाळाच रानात नेली. ती शाळा आता विद्यापीठ आहे, आणि कार्व्हर यांच्या नावाचं संग्रहालय त्याच्या आवारात आहे. त्यांची समाधी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारीच आहे. जाण्याआधी संग्रहालय उघडं आहे का, ते पाहून घ्या.

वेळ असेल तर मॉन्टगोमेरीहून दीड तासावर एंटरप्राइज गाव. बोंडांवरच्या सोंडकिड्यानं कापूस खाल्ला, शेतकरी भुईमुगाकडे वळले आणि सावरले. म्हणून 1919 मध्ये गावानं भर चौकात त्या किडीचं स्मारक उभारलं! ही आपली गुलाबी बोंडअळी नव्हे. ती पतंगाची अळी, हा भुंगेऱ्याच्या जातीचा. पण दुखणं तुम्हाला लगेच ओळखू येईल.

प्रश्न : रेल्वेत नोकरी झाली. तिथली गाडी बघायची आहे. या मार्गावर आहे का? (भुसावळ)

आहे. अॅमट्रॅक या तिथल्या प्रवासी रेल्वे कंपनीची ‘क्रेसेंट’ न्यूयॉर्कहून न्यू ऑर्लिन्सला जाते. अटलांट्याहून सकाळी नवाच्या सुमारास निघते आणि रात्री नऊच्या सुमारास पोचते. वेळा त्या त्या ठिकाणच्या, म्हणजे प्रत्यक्षात साधारण तेरा तास. बर्मिंगहॅम, टस्कलूसा, मेरिडियन, हॅटीजबर्ग असा मार्ग. मॉन्टगोमेरी आणि किनारा यात येत नाही.

रूळ 1435 मिलिमीटरचे, आपल्या 1676 पेक्षा अरुंद, आणि या भागात इंजिन डिझेलचं. उशीर का होतो, ते तुम्हाला चटकन कळेल : रूळ मालगाडी कंपनीचे आहेत आणि लांब पल्ला एकेरी. कायद्यानं प्रवासी गाडीला प्राधान्य आहे, पण मालगाडी लूपलाइनपेक्षा लांब असली की ती बाजूला घेताच येत नाही. मग थांबावं लागतं ते प्रवासी गाडीलाच. त्या रात्री पुढचं कुठलंही बुकिंग ठेवू नका.

आरएसी, वेटिंग हा प्रकार नाही. तिकीट आहे म्हणजे जागा आहे. साध्या डब्यात रुंद खुर्ची मिळते, आडवं होता येत नाही, एसी कडक असतो, शाल ठेवा. दोन मोठे नग 50-50 पौंडांपर्यंत मोफत लगेजमध्ये देता येतात. सरोवरावरचा जवळपास सहा मैलांचा पूल हा या प्रवासाचा कळस. तिथे उजेड मिळण्याची आशा मे ते जुलैत, गाडी वेळेवर असेल तर. मोबील ते न्यू ऑर्लिन्स अशी वेगळी गाडीही ऑगस्ट 2025 पासून सुरू झाली आहे, रोज दोन फेऱ्या, बिलॉक्सी आणि बे सेंट लुइस धरून.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. अंडंही नाही. वाटेत खायचं काय? (शहादा)

तिथल्या भाजीवर विश्वास ठेवू नका. हिरव्या पालेभाज्या, घेवडा, राजमा हे सगळं दक्षिणेत बहुधा डुकराच्या मांसाच्या तुकड्याबरोबर शिजतं, आणि वाढणाऱ्याला ते ‘मांस’ वाटतच नाही. ‘शाकाहारी आहे का’ असं विचारू नका, ‘यात हॅम, बेकन किंवा मांसाचं पाणी आहे का’ असं विचारा. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या जाड रव्याची पेज. ती पाण्यात किंवा दुधात शिजवलेली मागा. रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगा मिळतात, मिठाच्या साध्या घ्या. न्यू ऑर्लिन्सचे बेन्ये, म्हणजे पिठीसाखरेखाली दडलेले चौकोनी तळलेले पाव. त्यात अंडं असतं की नाही ते दुकानागणिक बदलतं, विचारूनच घ्या.

पहिल्या दोन दिवसांसाठी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी बांधून घ्या. दशमी पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर त्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी बुरशी धरते.

प्रश्न : सप्टेंबरात भाचीकडे जातोय. आपल्या परवान्यावर मी गाडी चालवू का? (जळगाव)

आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा : फॉर्म 4-अ, शुल्क 1000 रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवाना बरोबर हवाच, नुसता आंतरराष्ट्रीय चालत नाही. भाड्याच्या गाडीला चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. विमा घेताना दुसऱ्याच्या नुकसानीचा वेगळा भाग आहे का, ते नक्की विचारा. गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा आणि हा वेगळा.

पहिल्या तासात हमखास होणारी चूक : वळताना इंडिकेटरऐवजी वायपर सुरू होतो, कारण तिथे दांड्या उलट्या बाजूंना असतात. मोकळ्या पार्किंगमध्ये अर्धा तास सराव करा. लाल दिव्यालाही पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, फलक मनाई करत नसेल तर. पिवळी शाळेची बस लाल दिवे लावून थांबली की थांबायचं. पोलिसांनी थांबवलं तर गाडीतून उतरू नका, हात स्टिअरिंगवर ठेवा. आपल्याकडे उतरून बोलणं नम्रपणाचं, तिथे ते धोक्याचं समजतात.

पंपावर यंत्र पाच आकडी झिप कोड मागतं. आपल्या कार्डाचा पिन कोड सहा आकडी, म्हणून कार्ड नाकारलं जातं. आत जाऊन पंपाचा क्रमांक आणि रक्कम सांगा, आधी पैसे द्या, उरलेले परत मिळतात. हिरवी नळी बहुधा डिझेलची असते, त्यामुळे रंगावर न जाता अक्षरं वाचूनच हात घाला.

सप्टेंबर हा वादळांचा ऐन महिना आहे. मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. किनाऱ्यावरचं हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. ऊन आपल्या मे महिन्याइतकं चढत नाही, पण घाम वाळत नाही, त्यामुळे थकवा लवकर येतो. त्याच महिन्यात किनाऱ्याजवळ ‘लव्हबग’ नावाचे काळे किडे जोडीजोडीनं काचेवर आदळतात. वायपर लावू नका, सगळी काच माखते. पंपावर ओलं फडकं पाच मिनिटं काचेवर ठेवा, मग पुसा. बॉनेटवरचे त्याच संध्याकाळी धुवा, वाळून राहिले तर रंगाला डाग पडतो आणि तो भाड्याच्या बिलात येऊ शकतो.