जुन्या नथीशी जुळणारे मोती ऑनलाइन घ्यायचे आहेत. फोटोतला रंग कितपत खरा धरायचा?

तुम्ही विचारलंय ते असं: सासूबाईंची जुनी नथ आहे, तिचे मोती सायीच्या रंगाचे. लेकीच्या लग्नात त्या नथीबरोबर शोभेल असा पाच पदरी तन्मणी गाठवून घ्यायचा आहे. नाशिकच्या सराफ बाजारात मनासारखे सर मिळाले नाहीत म्हणून ऑनलाइन शोधताय, आणि एकाच विक्रेत्याच्या दोन फोटोंत तोच सर एकदा पांढराफेक तर एकदा गुलाबी दिसतो. मग खरा कुठला?

कदाचित दोन्ही नाहीत. एकट्या मोत्याच्या फोटोवरून रंग कोणालाच सांगता येत नाही, रोज मोती हाताळणाऱ्या सराफालासुद्धा. फोटोतून कळू शकतं ते एवढंच, की शेजारी ठेवलेल्या एखाद्या ओळखीच्या पांढऱ्या वस्तूपेक्षा मोती किती पिवळा किंवा किती गुलाबी आहे. म्हणून विक्रेत्याकडून तशा वस्तूसकट फोटो मागवायचा, तीच वस्तू घेऊन घरी नथीचा फोटो काढायचा आणि दोन्ही फोटो एकाच मोबाइलवर शेजारी लावून बघायचे.

ती वस्तू म्हणून सगळे पांढरा कागद सुचवतात. तो नको. झेरॉक्सच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात. उन्हातले अतिनील किरण शोषून ती निळसर उजेड बाहेर टाकतात, त्यामुळे असा कागद दिवसाच्या उजेडात पांढऱ्यापेक्षा किंचित निळा असतो आणि त्याच्याजवळचा मोती आहे त्याहून पिवळा वाटतो. घरातल्या एलईडीखाली हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे मोजपट्टीच लांबी बदलते. पांढऱ्या रुमालाचं तेच, कारण कपड्याच्या साबणातही ही रसायनं असतात.

त्याऐवजी नळ बसवताना आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेफलॉन टेप घ्या. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते, किंमत किरकोळ. तिचा पांढरा रंग बऱ्यापैकी तटस्थ असतो. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आठ-दहा वेढे घाला. टेप पातळ असते, दोन-तीन वेढ्यांत खालचा पुठ्ठा डोकावतो. विक्रेत्याकडे टेप नसेल तर दुसरा पर्याय बारीक मीठ: काळ्या कापडावर चमचाभर ढीग आणि शेजारी सर. मग नथीच्या फोटोतही मीठच घ्यायचं.

विक्रेत्याला साधारण असा निरोप पाठवा:

«या सराचा एक फोटो हवा आहे. सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, खिडकीजवळ पण थेट ऊन न पडणाऱ्या जागी. खोलीतले दिवे, फ्लॅश आणि फिल्टर बंद. सर करड्या किंवा काळ्या कापडावर, शेजारी पांढरी टेफलॉन टेप. नंतर सर हळूहळू फिरवत १५ सेकंदांचा व्हिडिओ. फोटो कृपया डॉक्युमेंट म्हणून पाठवा.»

डॉक्युमेंट म्हणून एवढ्यासाठी, की व्हॉट्सॲपवर साधा फोटो दाबून लहान होतो आणि मोत्यावरचे बारीक रंगबदल त्यात पुसट होतात. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे. जो त्याला तयार नाही आणि «फोटोत आहे तसाच येईल, ताई» एवढंच म्हणत राहतो, त्याच्याकडून रंग जुळवायचे मोती मी घेणार नाही. नुसते घालायला हवे असतील तर गोष्ट वेगळी.

कापड करडं किंवा काळं का, तेही सांगते. मोबाइलचा कॅमेरा चौकटीत जो रंग जास्त दिसतो तो «पांढरा असणार» असं धरून फोटो दुरुस्त करतो. क्रीम रंगाच्या सॅटिनवर क्रीम मोती ठेवले की कॅमेरा सगळंच पांढऱ्याकडे ढकलतो. तुमचं «एकदा पांढराफेक» बहुधा असंच झालं असेल. आणि मोती हा छोटा गोल आरसा असतो. गुलाबी साडी नेसलेल्या बाईने हातात धरून फोटो काढला की कडेला गुलाबी झाक आलीच. हिरव्या रंगाच्या गॅलरीत तोच मोती हिरवट दिसेल. तुम्ही घरी नथीचा फोटो काढताना पांढरे, करडे किंवा काळे कपडे घाला आणि रंगीत भिंतीपासून लांब बसा.

उजेडाचं म्हणाल तर आपल्याकडे पावसाळ्यात आभाळ भरून आलेलं असतं तो दिवस उत्तम, कारण उजेड सगळीकडून सारखा येतो. थंडीत निळंभोर आकाश असताना सावलीतला उजेड निळसर असतो आणि क्रीम मोती पांढरा भासतो. दिव्यांच्या खोक्यावर आकडा असतो: २७०० ते ३००० के म्हणजे पिवळा उजेड, ६५०० के म्हणजे पांढरा-निळसर. दागिन्यांच्या दुकानात सोनं खुलावं म्हणून पिवळे दिवे सर्रास असतात, त्यामुळे सराफ बाजारातही मोती बघायचा तर दुकानाच्या पायरीवर येऊन बघा. सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही.

फोटो हातात आला की स्नॅपसीड या मोफत ॲपमध्ये उघडा. «व्हाइट बॅलन्स» या साधनात एक ड्रॉपर असतो, तो टेपच्या मधोमध टेकवा. टेप पांढरी होते आणि त्याच हिशेबात मोतीही आपल्या रंगावर येतो. नथीच्या फोटोला तेच करा. टेपवरच ऊन पडून ती पांढरीफटक जळालेली असेल तर ही दुरुस्ती चुकते. दुसरा फोटो मागा.

बघण्याआधी मोबाइलमधला रात्रीचा पिवळा पडदा, आयफोन असेल तर ट्रू टोन, आणि डिस्प्लेचा «व्हिव्हिड» मोड बंद करा. तरीही पडदा पूर्ण खरा रंग दाखवणार नाही. हरकत नाही: सर आणि नथ दोन्ही एकाच पडद्यावर असली की त्याची चूक दोघांना सारखीच लागते. म्हणूनच हाताशी नथ आणि मोबाइलमध्ये सर अशी तुलना मात्र करू नका, ती हमखास फसते.

आता त्या फोटोत नेमकं कुठे बघायचं. एक मोती मोठा करा. वरच्या अंगाला चकाकणारा ठिपका दिसेल. तो उजेडाचा रंग आहे, मोत्याचा नाही. ठिपका चौकोनी असेल तर खिडकी, गोल कडं असेल तर रिंगलाइट, पिवळा असेल तर बल्ब. निरोप वाचूनही विक्रेत्याने दिवा लावलाच का, हे इथे पकडता येतं. ठिपक्याची कड रेखीव असेल तर मोती पाणीदार, म्हणजे चांगल्या चकाकीचा. कड पसरट, दुधाळ असेल तर पाणी कमी. मोत्याच्या अगदी कडेला आजूबाजूच्या कापडाचा रंग उतरलेला असतो, तो सोडून द्या. बऱ्याचदा मधोमध काळसर डाग दिसतो, ते फोटो काढणाऱ्याचं आणि मोबाइलचं प्रतिबिंब. या सगळ्यांमधला जो पट्टा उरतो, त्यात दिसतो तो मोत्याचा अंगचा रंग. नथीशी जुळवायचा तो हा.

त्याच्यावर तरंगते ती झाक: गुलाबी, हिरवट किंवा चंदेरी. मोत्याच्या बारीक थरांतून उजेड परतताना ती तयार होते, त्यामुळे मोती फिरवला की ती सरकते. अंगचा रंग सरकत नाही. व्हिडिओ मागवायचा तो यासाठीच. फिरवूनही गुलाबीपणा जागचा हलत नसेल तर तो एक तर अंगचा आहे, नाहीतर चढवलेला. तन्मण्यासाठी अंगचा रंग जुळला आणि झाक थोडी वेगळी निघाली तरी चालतं, दोन हातांवरून कळत नाही. उलटं झालं तर लगेच खुपतं.

नावांवर फार विसंबू नका. «आयव्हरी», «ऑफव्हाइट», «शॅम्पेन» ही विक्रेत्याच्या मर्जीची नावं आहेत. «ट्रिपल ए» या दर्जालाही जगभर मान्य असलेलं एक माप नाही, प्रत्येक दुकानाचं आपलं आपलं. आज बाजारात येणारे बहुतेक मोती चीनमध्ये गोड्या पाण्याच्या शिंपल्यांत वाढवलेले असतात. त्यांचे नैसर्गिक रंग पांढरा, क्रीम, पीच-गुलाबी आणि फिकट जांभळा. पांढरे बहुधा ब्लीच करून आणखी पांढरे केलेले असतात, आणि तुमची अडचण मुळात इथेच आहे: जुन्या नथीशी हे पांढरे कधीच जुळणार नाहीत. शोधताना पांढरे सोडून थेट क्रीम मागा, आणि «ब्लीच न केलेले आहेत का» असं लेखी विचारा. गोड्या पाण्याचा काळा मोती रंगवलेला किंवा किरणांनी काळा केलेला असतो. नैसर्गिक काळे-हिरवे येतात ते ताहितीकडच्या काळ्या ओठाच्या शिंपल्यातून, आणि त्यांची किंमतही तशीच असते. जपानी अकोया मोत्यांना हलकी गुलाबी छटा देण्याची पद्धत जुनी आहे. «हैदराबादी» म्हणजे हैदराबादला विंधलेले, ओवलेले, विकलेले. तिथे मोती पिकत नाहीत. आणि बसरा मोती म्हणजे आखातातला नैसर्गिक मोती. हजार-बाराशेच्या सराला ते नाव लावलेलं दिसलं तर पुढे सरका.

नथीचा फोटो काढण्याआधी मोती ओलसर मऊ कापडाने हलकेच पुसा. घामाचा, पावडरचा, तेलाचा थर बसलेला असतो आणि तो रंग तुम्ही मोत्याचा समजून बसाल. नथ पाण्यात भिजवू नका. सोन्याच्या तारेजवळचे मोती पिवळे आणि लाल खड्याजवळचे तांबूस दिसतात, म्हणून खड्यापासून लांबचा, बाहेरच्या बाजूचा मोती नमुना धरा.

मागणी किती करायची? चाळीस सेंटिमीटरच्या सरात ३ मिमीचे साधारण १३० मोती बसतात, ४ मिमीचे १००. पाच पदरांना ३ मिमीचे साडेसहाशेच्या वर लागतील. हे सगळे एकाच लॉटमधले हवेत. आज तीन सर आणि पुढच्या महिन्यात दोन असं केलं तर शेजारचे दोन पदर वेगळे दिसणारच, आणि एवढ्या बारीक मोत्यांत फरक एकेका मोत्यात नाही, पट्ट्यासारखा दिसतो. पाच लागत असतील तर सहा घ्या. कडेचे, डागाळलेले मोती काढून टाकायला तो सहावा सर कामी येतो. शक्य असेल तर आधी एकच सर मागवा आणि बाकीचे पाच त्याच लॉटचे बाजूला ठेवायला सांगा.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, दिवसा, खिडकीपाशी. दोरा कापू नका आणि लेबल काढू नका, नाहीतर परतीला वाद होतो. सर आणि नथ टेपसह शेजारी ठेवून बघा. मग दहापट भिंग घेऊन भोकं तपासा. रंगवलेल्या मोत्यात रंग भोकाच्या तोंडाशी आणि पृष्ठभागावरच्या बारीक खड्ड्यांत गोळा झालेला असतो, कधी आतला दोराही रंगलेला असतो. भोकाच्या कडेला पापुद्रा सुटलेला आणि आत काच किंवा प्लॅस्टिकसारखं गुळगुळीत दिसलं तर तो मोतीच नव्हे. दोन मोती एकमेकांवर हलके घासले की खऱ्याला किंचित खरखर जाणवते. ओल्या पांढऱ्या कापसाने पुसल्यावर स्वस्तातला रंग उतरतो. न उतरला म्हणून रंगवलेला नाही असं मात्र नाही. नेलपॉलिश रिमूव्हरने पुसून बघायचा सल्ला कुठे वाचलात तर तो पाळू नका. मोत्याचं पाणी जाईल आणि सर परतही घेणार नाहीत.

वर्णनापेक्षा माल वेगळा निघाला तर ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे विक्रेत्याला तो परत घेणं किंवा पैसे देणं नाकारता येत नाही. म्हणूनच «क्रीम, ब्लीच न केलेले, रंग न दिलेले» हे शब्द बोलण्यात नकोत, चॅटमध्ये हवेत. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. प्रयोगशाळेचा दाखला मुंबईत मिळतो, पण बारीक मोत्यांच्या सरासाठी तो खर्च मला पटत नाही. बसरा म्हणून मोठी रक्कम मोजणार असाल तरच करा.

परतीची मुदत संपायच्या आत सर, नथ आणि तन्मण्याचं खोड (मधलं पदक) घेऊन दागिने गाठवून देणाऱ्या पटवेकऱ्याकडे जा आणि सर न कापता तिन्ही एकत्र दाखवा. रेशीम तेव्हाच ठरवा. ३ मिमीच्या मोत्यांत दोरा दोन मोत्यांच्या मधून डोकावतो, आणि शुभ्र रेशमावर क्रीम मोती अळणी दिसतात. हलकं बदामी रेशीम मागा.