मानधनावर आहे म्हणून तक्रार करता येत नाही का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी बीड जिल्ह्यात एका संस्थेत 4 वर्षांपासून फिल्डवर आहे, ऊसतोड कुटुंबांच्या गावांत बालविवाह थांबवायचं काम. आमचे सचिव सर व्हिजिटला मलाच नेतात. पोळ्याच्या आठवड्यात येताना ड्रायव्हरला पानटपरीवर उतरवलं अन् मागच्या सीटवर माझ्या मांडीवर हात ठेवला, मी दार उघडून सरळ रस्त्यावर उतरले. त्यानंतर रात्री 11 ला मेसेज, झोपलात का, अन् दिवसा मीटिंगमध्ये माझ्या चुका. मी शिकवलेल्या पोराला प्रोजेक्ट मॅनेजर केलं, त्याला 22 हजार पगार, मला 9 हजार मानधन. भिंतीवर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या समितीचा बोर्ड आहे, पण त्या समितीच्या अध्यक्ष सरांच्याच मिसेस. सोबतचे म्हणतात तू कर्मचारी नाहीसच, आणि बदनामी झाली की फंडिंग बंद, मग 30 गावांतल्या पोरींचं काय? काय करावं कळना.

उत्तर: बाई गं, आधी ते मानधनाचं डोक्यातून काढ. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे, त्यात कर्मचारी म्हणजे कायम, हंगामी, रोजंदारी, शिकाऊ, अगदी फुकट काम करणारी स्वयंसेविकासुद्धा. संस्था, ट्रस्ट सगळे त्यात आले. आणि ती गाडीसुद्धा कामाचं ठिकाणच, कारण कामासाठी संस्थेनं दिलेलं वाहन कायद्यात धरलेलं आहे.

खरं तर हा कायदा सुरू झाला तोच तुझ्यासारख्या एका बाईपासून. राजस्थानात भंवरीदेवी गावपातळीवर काम करायच्या, साथिन म्हणायचे त्यांना, त्याही मानधनावरच. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून 1992 ला त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, मग बायकांच्या संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या आणि 1997 ला विशाखा निकाल आला, कामाच्या ठिकाणचा छळ कसा रोखायचा ते सांगणारा, पुढचा कायदा त्यावरूनच आला. आता तेच काम करणाऱ्या बाईला कुणी म्हणावं की तू कायद्यात बसत नाहीस, म्हणजे कमालच.

तक्रार सरांच्या मिसेसकडं द्यायची गरज नाही. संस्था चालवणाऱ्या माणसाविरुद्धच तक्रार असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते. महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जा, समितीचं नाव घेऊन विचार, अर्ज लेखी दे आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नको. मुदत घटनेपासून 3 महिने, प्रकार चालूच असेल तर शेवटच्या घटनेपासून, आणि अडचण पटली तर समिती आणखी 3 महिने देऊ शकते. पण पोळा होऊन किती दिवस झाले ते बघ, दिवाळीचा फराळ संपल्यावर बघू असं करू नकोस.

मेसेज डिलीट करू नको, चीड आली तरी. स्क्रीनशॉट काढून बहिणीच्या फोनवर टाकून ठेव. आणि गाडीचं लॉगबुक! तारीख, कुठून कुठं, किलोमीटर, सोबत कोण, सही, हे सगळं बहुतेक त्यांच्याच अक्षरात असेल. त्या पानाचा गुपचूप फोटो काढ. ड्रायव्हर पोटाला भिऊन आज बोलणार नाही कदाचित, पण त्याचं नाव अर्जात असू दे. पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, तसं कायद्यातच लिहिलंय. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते, तोवर त्यांच्यासोबत व्हिजिटला जायचं नसेल तर समितीकडं बदली किंवा 3 महिन्यांपर्यंत रजा माग. मिटवून टाका म्हणणारे येतील, आपल्याकडं ते आधी येतात. समझोता तू मागितला तरच होतो, आणि पैसे देऊन तर होतच नाही. पोलिसांत जायचं असेल तर तीही वाट उघडीच आहे, भारतीय न्याय संहितेचं लैंगिक छळाचं कलम 75.

पगाराचं म्हणशील तर समान कामाला समान पगार हे 1976 पासून कायद्यात आहे. तुम्ही दोघं करता त्या कामांची यादी कर आणि कार्यकारिणीला वेगळं पत्र दे, छळाच्या अर्जात हे मिसळू नको. (तुमच्याकडं जेंडर ट्रेनिंगच्या दिवशी चहाचे कप उचलायला कोण उठतं ते एकदा बघ.)

आता त्या 30 गावांचं. मी औशाकडची. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्याकडं संस्थांच्या जीपांची रांग लागली, त्यांनी माणसं जगवली हे खोटं नाही, पण तेव्हापासून संस्थेतला माणूस म्हटलं की आपले हात आपोआप जोडले जातात आणि तो माणूस हे ओळखून असतो. त्या गावांत पोरी ओळखतात त्या तुला, सरांना नाही. फंडिंग गेलंच तर ते मांडीवर हात ठेवणाऱ्यामुळं जाईल.

प्रश्न: मी परभणीकडच्या छोट्या संस्थेत अकाउंट बघतो. आमचे अध्यक्ष म्हणतात आपण 7 च जण, आपल्याला समिती लागत नाही. बरोबर आहे का?

उत्तर: अंतर्गत समिती 10 माणसांपासून लागते, त्याच्या आत असाल तर तक्रार थेट स्थानिक समितीकडं. लागत असून केली नाही तर दंड 50 हजारांपर्यंत. पण दादा, ते 7 मोजताना गावागावात मानधनावर असलेल्या ताया धरल्या होत्या का? व्हाउचरवर सह्या तुम्हीच घेता, मोजा आणि कळवा.